मामाची वकिलात : बडोद्यातले चार दिवस

दिवस पहिला

अकरावी-बारावीला मी राज्यशास्त्र शिकवते. परराष्ट्र धोरणाचा धडा आला की पंचशील, अलिप्ततावाद, संयुक्त राष्ट्रसंघ सगळं फळ्यावर नीट उतरतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मॅडम, पण राजदूत दिवसभर करतो काय?" यंदाही विचारलं. "पुढच्या तासाला सांगते," म्हणाले, आणि तो पुढचा तास आलाच नाही. मला ते फार लागलं, कारण उत्तर देणारा माणूस माझ्या घरातच आहे. माझा धाकटा मामा चौतीस वर्षं परराष्ट्र खात्यात होता. स्टेनो म्हणून लागला, खाजगी सचिव म्हणून निवृत्त झाला. पाच देशांतल्या वकिलातींत राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी राजदूतांच्या शेजारच्या खोलीत त्याचं टेबल असे. आता तो आणि मामी बडोद्याला असतात, दांडिया बाजारात, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत. दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस उरले होते. बोरिवलीहून सकाळची गाडी धरली.

अंकलेश्वर सुटलं की नर्मदेचा पूल लागतो. डब्यातल्या दोन आजीबाईंनी पाण्यात नाणी टाकली, हात जोडले. पलीकडे भरूच. 1782 च्या सालबाईच्या तहात हे भरूच महादजी शिंद्यांना मिळालं आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली, एवढं मी दरवर्षी शिकवते. भरूच खिडकीतून बघताना मात्र पहिल्यांदाच वाटलं, की या गावाचा धनी ग्वाल्हेरजवळच्या एका छावणीत, कागदावरच्या एका कलमानं बदलला. त्या कलमाचा मसुदा कुणीतरी मांडी घालून लिहिला असेल, कुणीतरी खोडला असेल. अशा माणसाकडेच मी चालले होते.

दुपारी जेवण, झोप. संध्याकाळी मामा मला सेव उसळ खायला घेऊन गेला. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेव, वेगळ्या भांड्यातून हवी तितकी तिखट तर्री, सोबत पाव. मराठी घरांतली मिसळ इथे येऊन बडोदेकर झाली, असं मामाचं ठाम मत आहे.

मुलाचा प्रश्न मी त्याला तिथेच, बाकड्यावर बसून सांगितला. तो म्हणाला, "एक आधी सांगतो. मी टाइप केलेला मजकूर सांगणार नाही. रीत हवी तितकी सांगतो." चार दिवसांत त्यानं हे पाळलं. ज्या देशांत राहिला त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा तो टाळतो.

घरी आल्यावर त्यानं मला वही घ्यायला लावली आणि मजकूर सांगू लागला. "भारताची वकिलात अमुक देशाच्या परराष्ट्र मंत्रालयास आपला आदरभाव सादर करते आणि पुढील बाब निदर्शनास आणून देण्याचा मान घेते की..." मी थांबले. "मामा, लिहितंय कोण?" "कुणीच नाही. वकिलात लिहिते. 'मी' नाही, 'आम्ही' नाही. खाली सही नाही, फक्त आद्याक्षरं आणि शिक्का. शेवटी परत एकदा आदरभावाची ग्वाही. याला नोट व्हर्बल म्हणतात. रोजचं नव्वद टक्के काम असल्या कागदांवर चालतं. कुणाच्या गाडीचा कर माफ करायचा, कोण अधिकारी नवीन आला, कोणत्या विमानाला आकाशातून जाऊ द्यायचं."

"आणि भांडायचं असेल तर?"

"तरी आदरभाव सादर करायचा. निषेधाचा कागदसुद्धा नमस्कारानं सुरू होतो. म्हणून तर नमस्कार गाळला की समोरचा दचकतो."

मला पेशव्यांच्या दफ्तरातली पत्रं आठवली. 'विनंती विशेष', 'विज्ञापना ऐसीजे', 'बहुत काय लिहिणे'. मायना कमी-जास्त झाला की पत्र उघडणाऱ्याला वारं कुठून वाहतंय ते कळायचं. मायना हा आपल्याकडचा किती नेमका शब्द आहे! बाळबोध पत्रलेखनात आपण तो मुलांकडून घोकून घेतो आणि तो कशासाठी असतो ते सांगायचं विसरतो.

दिवस दुसरा

सकाळी कमाटी बागेत फेरी, मग लक्ष्मीविलास राजवाडा. मेजर चार्ल्स मँटनं आराखडा केला, रॉबर्ट चिझमनं काम पुरं केलं, 1890 मध्ये सयाजीराव महाराजांचा हा वाडा तयार झाला. दरबार हॉलची फरशी, रंगीत काचा, सगळं डोळे भरून पाहिलं. पण मामाला दाखवायचं होतं ते वेगळंच.

28 ऑक्टोबर 2024 ला स्पेनचे पेद्रो सांचेझ आणि आपले पंतप्रधान बडोद्यात भेटले. सकाळी विमानतळापासून मिरवणूक, मग टाटांच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन आणि दुपारी याच राजवाड्यात बोलणी. हवाई दलाच्या जुन्या अॅव्हरो विमानांच्या जागी येणारी 56 सी-295 विमानं, त्यांतली 16 स्पेनहून तयार यायची आणि 40 बडोद्यात बनायची, हा करार सप्टेंबर 2021 चा. किंमत सुमारे 21,935 कोटी. मामा त्या दिवशी गर्दीत उभा होता. निवृत्त झालेला माणूस फुटपाथवरून दौरा बघत होता आणि त्याचं लक्ष दोन्ही नेत्यांपेक्षा मागच्या गाड्यांकडे होतं.

"मागच्या गाड्यांत काय असतं?"

"दौरा असतो," तो म्हणाला.

मग हिरवळीवर बसून त्यानं जे सांगितलं ते मी जवळजवळ तसंच उतरवून घेतलं. पाहुणा येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या देशाची एक तुकडी येऊन जाते. दारं मोजते, पायऱ्या मोजते. गाडी कुठे थांबेल, दार कोण उघडेल, पाहुणा उतरल्यावर पहिलं पाऊल कुणाच्या दिशेनं टाकेल, हे सगळं मिनिटामिनिटाच्या तक्त्यात बसवलं जातं. राष्ट्रगीताची ध्वनिफीत दोनदा तपासतात, कारण जुनी किंवा भलत्याच देशाची वाजली तर ती चूक कुठल्याच माफीनं भरून निघत नाही. झेंडा उलटा लागलेला नाही ना, हे दोन वेगवेगळी माणसं बघतात. पाहुणा यजमानाच्या उजव्या हाताला. जेवणात काय चालत नाही याची यादी स्वयंपाकघरात वेगळी, आणि टेबलावर कोण कुणाशेजारी याची यादी वेगळी. मामा एका दौऱ्यात रात्री दोन वाजता नावांच्या पाट्या तिसऱ्यांदा टाइप करत होता, कारण एका मंत्र्याचं खातं त्याच संध्याकाळी बदललं होतं.

पाटीवर काय लिहायचं हाही प्रश्नच असतो. सांचेझ यांना आपली वर्तमानपत्रं पंतप्रधान म्हणतात. त्यांच्या देशात त्या पदाचं नाव 'सरकारचे अध्यक्ष' असं आहे, आणि त्यांच्यावर राजे सहावे फेलिपे. आपल्या परराष्ट्र खात्याच्या कागदात 'स्पेन सरकारचे अध्यक्ष' असंच छापलं गेलं. नुसतं 'अध्यक्ष' लिहिलं तर राजाच्या डोक्यावर दुसरा राष्ट्रप्रमुख बसवल्यासारखं होईल. एका शब्दासाठी दोन खात्यांत फोन होतात, आणि ते व्हायलाच हवेत, असं आता मलाही वाटतं.

"आणि खरी बोलणी?" मी विचारलं.

"नेते खोलीत शिरतात तेव्हा कागद बहुतेक ठरलेला असतो. त्यांच्यासाठी एक-दोन गाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात, ज्या फक्त तेच सोडवू शकतात. बाकी सगळं आमच्यासारख्यांनी आधीच विंचरून ठेवलेलं."

त्या दिवशीच्या संयुक्त निवेदनात रेल्वे, सीमाशुल्क, सांस्कृतिक देवाणघेवाण असे करार आहेत. बार्सिलोनात आपली आणि बंगळूरमध्ये त्यांची वाणिज्य वकिलात उघडण्याचा निर्णय आहे. बातम्यांत विमानं पुढे आली, हे मागे राहिलं. मामाच्या दृष्टीनं मात्र दौऱ्याचा खरा ऐवज तोच. "बार्सिलोनात आपल्या मुलाचा पासपोर्ट हरवला तर तोवर माद्रिद गाठावं लागायचं. तिथे एक खिडकी उघडायची ठरली. आता ती खिडकी मोजशील का विमानं मोजशील?" मी म्हणाले, दोन्ही मोजेन. त्याला ते पटलं नाही.

मानापमानावरून बोलणं निघालं आणि या वाड्याच्या धन्याचीच गोष्ट आली. 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार. सयाजीराव पाचव्या जॉर्जपुढे एकदाच वाकले आणि पाठ वळवून परतले. रीत होती तीनदा वाकून पाठ न दाखवता मागे सरकण्याची. इंग्रजी वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं, महाराजांना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. त्यांच्या मनात त्या वेळी नेमकं काय होतं यावर लोक अजून वाद घालतात. चार पावलं कशी टाकली, यावरून एका साम्राज्यानं आपली पत मोजली, एवढं मात्र खरं. लंडनमध्ये 1661 साली फ्रान्सची बग्गी पुढे की स्पेनची, यावरून दोन वकिलांच्या, म्हणजे राजदूतांच्या, माणसांत भर रस्त्यात रक्त सांडलं होतं. असल्या भांडणांना कंटाळूनच 1815 च्या मार्चमध्ये व्हिएन्नाला नियम झाला की देश किती मोठा हे बघायचं नाही, एका दर्जाच्या वकिलांत जो आधी रुजू झाला तो पुढे. तोच नियम आजही चालतो. इवल्याशा देशाचा राजदूत दिल्लीत आधी आला असेल तर महासत्तेच्या राजदूताच्या पुढे उभा राहतो. हे ऐकल्यावर मला फार बरं वाटलं. मुलांना सांगायला मिळालेली ही पहिली खरी गोष्ट.

दिवस तिसरा

1815 हे साल मनात घेऊनच उठले. त्याच वर्षी, व्हिएन्नाचा नियम झाल्यावर चार महिन्यांनी, बडोद्याचा वकील पंढरपुरात मारला गेला.

सकाळी तांबेकरवाडा बघायला गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा. बाहेरून साधा, आणि आत भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. महाभारत, कृष्णलीला, मराठे-इंग्रजांच्या लढाया. रंग कुठे कुठे उडालेत, पण माणसांचे डोळे अजून बघतात. मामा एका खांबाला टेकून म्हणाला, "उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला जातो तेव्हा दुर्योधन त्याला जेवायला बोलावतो. कृष्ण काय म्हणतो आठवतं? 'कृतार्था भुञ्जते दूताः'. काम झालं की दूत जेवतात. आणि विदुराकडे जाऊन जेवतो. तोच दुर्योधन पुढे त्याला पकडायचा घाट घालतो. दूताला हात लावायचा नाही ही रीत किती जुनी आणि ती मोडायचा मोह किती जुना, दोन्ही तिथेच आहे."

गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांचे कारभारी. पेशव्यांची जुनी थकबाकी आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा, म्हणजे वसुलीच्या मक्त्याचा, गुंता सोडवायला ते पुण्याला निघाले, आणि त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली. आपल्या वकिलाला दुसऱ्या मराठी दरबारात पाठवताना गायकवाडांना तिसऱ्याची हमी लागावी, यातच दिवस किती फिरले होते ते दिसतं. 20 जुलै 1815 च्या रात्री विठ्ठलाच्या देवळातून परतताना शास्त्र्यांवर मारेकरी धावून आले. संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. पुणे दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, एल्फिन्स्टन यानं त्यांना हवाली करायला लावलं, ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. सप्टेंबर 1816 मध्ये ते तिथून निसटले. जून 1817 ला पेशव्यांवर पुण्याचा तह लादला गेला, नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, आणि 1818 मध्ये पेशवाई संपली.

शाळेत आम्ही ही गोष्ट त्रिंबकजींची म्हणून शिकलो. निसटण्याचा थरार, घोड्याच्या पागेजवळची गाणी. शास्त्री एका ओळीत मरून जायचे. मी स्वतःही तसंच शिकवत आले. त्या वाड्यात उभं राहून मला याची लाज वाटली. पेशवाई या एका खुनानं बुडाली असं म्हणणं चूक होईल, ती बुडायची कारणं खोल होती. पण इंग्रजांना हात घालायला जागा मिळाली ती इथेच. दुसऱ्याचा वकील आपल्या राज्यात सुखरूप राहत नसेल, तर त्या राज्याच्या शब्दाला काही किंमत उरत नाही. मामाजवळ व्हिएन्ना कराराची एक झिजलेली पुस्तिका आहे, 18 एप्रिल 1961 ला झालेला करार, 53 कलमं. तिच्यातलं कलम 29 सांगतं की राजदूताच्या अंगाला हात लावता येणार नाही, अटक नाही, कैद नाही, आणि त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून यजमान देशानंच सगळी काळजी घ्यायची. मी ते कलम वाचलं आणि पंढरपूरची ती रात्र आठवली.

खाली उतरताना मामानं कलम 9 काढून दिलं. राजदूत नको असेल तर यजमान देश कधीही तसं कळवू शकतो, कारण द्यावं लागत नाही. "हे बडोद्यासाठी लिहिलंय असं वाटतं मला," तो म्हणाला. मल्हारराव गायकवाडांनी 1874 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉयला खलिता पाठवून रेसिडेंट कर्नल फेअरला परत बोलवा अशी विनंती केली होती. आठवड्याभरात फेअरच्या सरबतात विष सापडलं. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, त्यात जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव राजवाडे. तिन्ही इंग्रजांनी दोषी म्हटलं, तिन्ही हिंदी सभासदांनी म्हटलं नाही. तरी एप्रिल 1875 मध्ये महाराज पदच्युत झाले, कारण दाखवलं गैरकारभाराचं. मल्हाररावांचा कारभार वाईट होता, त्यात शंका नाही. पण ज्या राजाला दारातला वकील परत पाठवण्याची सोय नाही, त्याच्याकडे आलेला तो वकील कसला, तो तर धनीच.

आणि खलिता म्हणजे मुळात पिशवी. पत्र ज्या पिशवीत घालून, मोहोर करून जाई ती. वकिलातीच्या मोहोरबंद पिशवीला आज कुठलाही देश उघडू शकत नाही, अडवून ठेवू शकत नाही, ते कलम 27. शब्द आपल्याकडे आधीच होता.

रात्री इमारतीची बैठक होती. मला वाटलं मामा जाणार नाही, पण तो वही घेऊन निघाला आणि मलाही नेलं. भांडण बोळाचं. तळमजल्यावरच्या दुकानदार काकांचा टेम्पो सकाळी बोळात उभा राहतो, शाळेच्या रिक्षा आत येत नाहीत. वरच्या मजल्यांवरची मराठी आणि गुजराती कुटुंबं या एका बाबतीत एक झालेली. कुणीतरी कागद आणला होता, 'बोळात टेम्पो उभा करण्यास सक्त मनाई'. दुकानदार काका लाल. चाळीस वर्षं त्यांचे वडील तिथेच माल उतरवत होते.

मामानं कुणाचीच बाजू घेतली नाही. त्यानं विचारलं, "या कागदातला कोणता शब्द लागला तुम्हाला?" काका म्हणाले, "सक्त मनाई. हुं चोर छुं?" मामानं शब्द खोडला. नवीन ओळ लिहिली, 'टेम्पोची वेळ सकाळी साडेनऊनंतरची राहील'. काका म्हणाले, 'शक्यतो' घाला. दुसऱ्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, शक्यतो घातलं की रोजच अशक्य होणार. मामानं 'शक्यतो' चौकटी कंसात घातलं आणि पुढच्या ओळीवर गेला. अर्ध्या तासात कागदावर चार ओळी होत्या, तीन मोकळ्या, एका ओळीत कंस. बैठक तिथेच थांबली.

"कंस म्हणजे यावर अजून एकमत नाही," परतताना जिन्यात त्यानं समजावलं. "जगातले सगळे करार असेच लिहितात. कंस कमी होत होत संपले की करार झाला." 2023 च्या दिल्लीच्या जी-20 जाहीरनाम्यात 83 परिच्छेद होते आणि एकही कंस उरला नव्हता. भारताचे तेव्हाचे शेर्पा, म्हणजे पंतप्रधानांच्या वतीनं वाटाघाटी करणारे प्रतिनिधी, अमिताभ कांत यांनी नंतर सांगितलं की युक्रेनच्या परिच्छेदांसाठी 200 तास वाटाघाटी, 300 द्विपक्षीय भेटी आणि 15 मसुदे लागले. आदल्या वर्षी बालीच्या निवेदनात रशियाचं 'युक्रेनविरुद्धचं आक्रमण' असे शब्द होते, दिल्लीत 'युक्रेनमधलं युद्ध' झालं. 'विरुद्धचं आक्रमण' आणि 'मधलं युद्ध', एवढाच फरक. युक्रेनच्या परराष्ट्र खात्यानं नाराजी उघड बोलून दाखवली.

मला ते खुपलं आणि मी मामाला तसं म्हटलं. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतात त्याला या शब्दबदलानं काय वाटलं असेल? मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वाईट वाटलं असेल. वाटायलाच हवं. पण त्याच कागदात दुसऱ्याचा मुलूख बळानं घेऊ नये हेही आहे, आणि त्याखाली रशिया राहिला. तो उठून गेला असता तर ते वाक्य कुणाला बांधील राहिलं असतं?" मला अजून पुरतं पटलेलं नाही. वर्गात मी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणार आहे आणि मुलांना ठरवू देणार आहे.

दिवस चौथा

दुपारची गाडी. सकाळी मामीनं लिलो चिवडा बांधून दिला. बॅग भरत होते तेव्हा मामा येऊन बसला आणि न विचारताच बोलू लागला. एका देशाचं नाव त्यानं या चार दिवसांत घेतलं ते तेव्हाच. त्याची एक नेमणूक इस्लामाबादला होती.

भारत आणि पाकिस्तान दर 1 जानेवारीला एकमेकांना दोन याद्या देतात. एक अणुकेंद्रांची, 1988 च्या करारानुसार. दुसरी कैद्यांची, 2008 च्या करारानुसार, ती पुन्हा 1 जुलैलाही. राजदूत परत पाठवले, विमानं बंद झाली, सीमेवर गोळीबार चालू असला, तरी याद्या जातात. 2019 पासून दोन्ही राजधान्यांत उच्चायुक्त नाही, प्रभारी अधिकारी काम बघतात. याद्या चुकलेल्या नाहीत. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मतानं पाकिस्ताननं करार मोडल्याचं ठरवलं, तो सगळा मुद्दाही हाच होता, की पकडलेल्या माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीचं माणूस भेटलं पाहिजे. वाणिज्य वकिलातींबद्दलच्या 1963 च्या व्हिएन्ना करारातलं कलम 36.

कैद्यांच्या यादीत बहुतेक मच्छीमार. समुद्रात रेषा नसते. गुजरातच्या बोटींवर डहाणू-पालघरकडची पोरं खलाशी म्हणून जातात, बोट पलीकडे सरकते आणि सगळे धरले जातात. कराराप्रमाणे तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेट मिळायला हवी, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व ठरलं की एका महिन्यात सुटका. "राष्ट्रीयत्व ठरलं की. अडतं ते इथे," मामा म्हणाला. तुरुंगाच्या रजिस्टरात नाव उर्दूत, कारकुनाला ऐकू आलं तसं. आपल्या फॉर्मवर इंग्रजीत. रेशनकार्डावर मराठीत, बोटीच्या कागदावर गुजरातीत. गावाचं नाव चारही ठिकाणी वेगळं. दिल्लीहून ते राज्याकडे, तिथून पोलीस ठाण्यात, तिथून पाड्यावर, आणि पाड्यावरचा माणूस म्हणतो असं नाव इथे कुणाचं नाही.

एकदा भेटीच्या टिपणाचा कागद टाइप करायला आला. गावाचं नाव लागत नव्हतं. अधिकारी दिल्लीचे, त्यांनी जसं ऐकलं तसं लिहिलेलं. मामानं ते मोठ्यानं वाचून बघितलं, दोन-तीनदा, आणि त्याच्या कानाला ते वारली माणसाच्या तोंडचं मराठी वाटलं. त्यानं साहेबांना सांगितलं, हे गुजरातेतलं गाव नसावं, ठाणे जिल्ह्यात विचारा. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता. पत्ता बदलून कागद परत गेला. किती महिन्यांनी ते मामाला आठवत नाही, पण होकार आला. तो माणूस वाघा सीमेवरून चालत इकडे आला तेव्हा मामा तिथे नव्हता. यादीत त्या नावापुढे पेन्सिलची खूण केली, एवढंच.

"त्याचं नाव?" मी विचारलं. मामानं मान हलवली. मजकूर सांगणार नाही.

स्टेशनवर पोचवायला तो आला. गाडी हलताना म्हणाला, काकांनी सकाळी साडेनऊच्या जागी नऊ करा म्हटलंय, 'शक्यतो' सोडायला तयार आहेत, बेनशी बोलतो.

नर्मदा अंधारायच्या आधीच गेली. वापी, उंबरगाव. डहाणू रोडला गाडी थांबणार नव्हती, पण वेग कमी झाला. मी खिडकीला नाक लावलं. पिवळी पाटी आली, तिच्यावर तेच नाव खाली खाली पुन्हा लिहिलेलं. ती जाईपर्यंत प्रत्येक ओळीतलं एकेक अक्षर जुळतंय का ते मी बघत राहिले.